पहाटे तीनला तावडे हॉटेलला उतरणाऱ्यांसाठी : खोट्या टॅक्सीचा अनुभव

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

हे लिहायला दहा दिवस लागले. लेकीची परवानगी हवी होती. काल तिनं दिली, म्हणून आज लिहिते आहे.

माझी मुलगी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री निघते आणि शनिवारी पहाटे कोल्हापूरला घरी येते. या खेपेला एसटीचं आरक्षण मिळालं नाही, म्हणून तिनं बेळगावकडे जाणारी खासगी बस धरली. या बस गावात येत नाहीत, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तावडे हॉटेलच्या पुलाजवळ हायवेलाच उतरवतात आणि पुढं निघून जातात. साडेचारला पोचेल असं सांगितलं होतं. रस्ता मोकळा मिळाला आणि बस तीन वाजून दहा मिनिटांनीच आली.

आमचे हे चारचा गजर लावून झोपले होते. तिनं फोन करून उठवलं नाही. "बाबांची झोप मोडली की दिवसभर शुगरचा त्रास होतो, म्हणून म्हटलं रिक्षा बघू," असं नंतर म्हणाली. हे तिचं वाक्य दहा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या काळजीपोटीच लेकरू अंधारात उभं राहिलं.

अॅपवर गाडी मिळेना. तेवढ्यात एक पांढरी गाडी जवळ आली. "ताई, बुकिंग तुमचंच न्हवं? रंकाळा ना?" आता त्याला रंकाळा कसं कळलं, तर बसमधून उतरताना तिनं क्लीनरला विचारलं होतं, इथून रंकाळ्याला जायला काय मिळेल. खाली उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं असणार. गाडीत पुढं एक माणूस होता आणि मागं एक बाई, डोक्यावर पदर घेतलेली. त्या बाईला बघून लेकीला धीर आला. वाटेत माणसं घेत जाणारं वडाप असेल, बाईही तिकडंच निघाली असेल, असं तिला वाटलं. बॅग त्या माणसानंच उचलून डिकीत ठेवली.

गाडी कावळा नाक्याकडं न वळता सर्व्हिस रोडनं उचगावकडं निघाली. विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "नाक्यावर नाकाबंदी हाय, उचगाव पुलावरनं टेंबलाईवाडीकडनं काढतो." आता हा रस्ता खोटा नाही. तिकडूनही गावात येता येतं. म्हणून तर तिला लगेच काही बोलता येईना. मग उचगावचा पूल आला आणि गाडी वळलीच नाही, सरळ कागलच्या दिशेनं चालली.

तेव्हा तिनं मला फोन लावला. आवाज नेहमीसारखा, फक्त जरा मोठा. "आई, मी बसलोय गं गाडीत. पांढरी गाडी आहे, नंबर लिहून घे." शेवटचे चार आकडे तिनं बसताना बघितले होते, ते सांगितले. "बाबा तावडे हॉटेलवरनं मागं निघालेत ना? मी लोकेशन टाकलंय त्यांना." यातलं एकही खरं नव्हतं. हे माझ्या शेजारी झोपलेले होते. पण तिच्या आवाजातलं काहीतरी मला कळलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "हो, बाबा आणि काका दोघं मागंच आहेत, तू फोन चालू ठेव."

थोड्या वेळानं ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "उतरा हितंच." ती उतरली. डिकी उघडायच्या आत गाडी निघून गेली. लॅपटॉप, कपडे, ऑफिसचं ओळखपत्र, सगळं बॅगेत होतं. मागच्या बाईनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द काढला नव्हता. ती त्यांचीच होती.

लांब पेट्रोल पंपाचा दिवा दिसत होता, तिकडं ती चालत गेली. पंपावरच्या पोरानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, ऑफिसचं दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः आम्ही पोचेपर्यंत बाहेर उभा राहिला. विशी-बाविशीचा असेल. त्या गडबडीत त्याचे आभारही नीट मानले गेले नाहीत.

आम्ही ज्या पोलीस ठाण्यात आधी गेलो, तिथं सांगितलं की बसली ती हद्द वेगळी, उतरवलं ती हद्द वेगळी, हे प्रकरण आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या ठाण्यात साधा अर्ज घेतला. अजून गुन्हा नोंद नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, कुणाला असाच अनुभव आला असेल तर लिहा. आणि दुसरं, पोरं या वेळेला उतरतात तेव्हा तुम्ही नेमकं काय करता, ते सांगा. "काळजी घ्या" एवढंच कृपा करून लिहू नका.

तीनचाकी_रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.१५

ताई, मी रिक्षा चालवतो. एकोणीस वर्षं झाली, सगळी रात्रपाळी. निम्मी रात सीबीएसला, म्हंजे मध्यवर्ती एसटी स्टँडला, निम्मी रेल्वे स्टेशनला. तुमचं वाचलं आणि हात थांबला बघा. माझीबी पोरगी बारावीला हाय.

हे लोक कसं माणूस हेरतात ते मी रोज बघतो, म्हणून सांगतो. बसमधनं उतरल्यावर जो माणूस चारी बाजूला बघतोय, एका जाग्यावर ठरत न्हाई, फोन वर करून रेंज बघतोय, त्याच्याकडं जातात. जो उतरल्या उतरल्या सरळ एका दिशेनं चालायला लागतो, त्याच्या वाटंला जात न्हाईत. म्हणून लेकीला सांगा, कुठं जायचं ते ठाऊक नसलं तरी उजेडाकडं चालत जायचं, चहाच्या गाड्याकडं, हॉटेलाकडं. तिथं पोचून मग फोन काढायचा.

आणि जायचं ठिकाण तोंडानं कुणाला सांगायचं न्हाई. गाडीवाला म्हणला "तुमचंच बुकिंग", की त्यालाच विचारायचं, "कुणाच्या नावानं हाय?" खऱ्या अॅपवाल्याला नाव दिसतंय. खोटा गप्प बसतोय न्हाईतर "बसा की ताई, नाव काय विचारताय" म्हणतोय. तिथंच कळतंय.

स्टँडवरच्या रिक्षावाल्यांचं बरंवाईट काय असंल ते असू दे, पण आम्ही एकमेकांना तोंडानं ओळखतो. आमच्याकडं परमिट असतंय, बॅच-बिल्ला असतोय, बॅच काढताना पोलिसांकडनं चारित्र्याची तपासणी होतीया. उद्या काय झालं तर माझा नंबर चार जण सांगतील. त्या पांढऱ्या गाडीचा कोण सांगणार?

आता आमची चूकबी लिहितो, लपवत न्हाई. रात्री दोनला रंकाळ्याला जायचं म्हणलं की आमच्यातलेच काही जण तोंडाला येईल ते भाडं सांगतात. जवळचं असलं तर "न्हाई येत" म्हणून मान फिरवतात. मग ते माणूस पांढऱ्या गाडीत बसतंय. त्याचं पाप थोडं आमच्याबी माथ्यावर हाय. हे मी आमच्या स्टँडवर बोललोय, पुन्हा बोलणार.

वकीलबाई | मंगळवार, सकाळी ७.५०

रंकाळाकाठ, तुमच्या मुलीनं जे केलं ते मोठमोठ्यांना सुचत नाही. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

पोलिसांच्या हद्दीबद्दल आधी. हद्द ठरवायची जबाबदारी तुमची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठंही घडलेला असो. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. नोंद करून कागद योग्य त्या ठाण्याकडं पाठवणं हे त्यांचं काम. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे. ठाण्यानं नकार दिला तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडं पाठवा, कलमाचा उल्लेख करून. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. साध्या अर्जावर समाधान मानू नका, कारण अर्जावर तपास सुरू होत नाही. आजच जा. पेट्रोल पंपावरच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, तेही लेखी मागा.

सीसीटीव्हीचं महत्त्व किती, ते एका खटल्यावरून सांगते. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे रेल्वेनं उतरलेल्या एका तरुण अभियंता मुलीचा खून झाला. खालच्या न्यायालयानं आरोपीला फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. स्टेशनवरचं चित्रण कायद्याला हव्या त्या प्रमाणपत्राशिवाय सादर झालं होतं, तेही एक कारण. अकरा वर्षांनी त्या आईवडिलांच्या हातात काय राहिलं? म्हणून म्हणते, पुरावा पहिल्या आठवड्यात आणि नीट गोळा व्हायला हवा.

आता गाडीबद्दल. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्यानं प्रवासी न्यायचा परवाना असलेली. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी, त्यात पिवळी अक्षरं भाड्याच्या गाडीची आणि पांढरी खासगी गाडीची. विनापरवाना प्रवासी नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ प्रमाणे दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रवाशाच्या दृष्टीनं त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं माणसं नेण्याची मुभा नसते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि जखमी माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहतो. असे अशील माझ्याकडं आहेत.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १२.०५

झालं ते वाईटच झालं. पण स्पष्ट बोलतो. मुलींनी रात्रीचा प्रवास करूच नये. सकाळची बस पकडावी, दुपारी पोचावं. आमच्या वेळी असले प्रकार नव्हते, कारण पोरी रात्रीच्या बाहेर नव्हत्या.

रातपाळी_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३.३०

काका, मी नर्स आहे. माझी पाळी रात्री आठला सुरू होते. तुमच्या घरचं कुणी आजारी पडून रात्री दवाखान्यात आलं तर सलाईन लावायला मीच असणार. मी रात्री बाहेर पडायचं नाही, तर ते कोण लावणार?

शुक्रवारी संध्याकाळी सातला सुटलेली पोर सोमवारी नऊला परत कामावर हजर हवी असते. त्यातला एक दिवस बसमध्ये काढला तर आईच्या हातचं जेवायला उरतं काय? रात्रीचा प्रवास ही तिची हौस नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते, कारण ताईंनी नेमकं विचारलं आहे. निघतानाच व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन भावाला पाठवते. पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात. मी आठ तासांचाच घेते, पुणे ते कोल्हापूर सगळा प्रवास त्यात बसतो. फोनची बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, बसमध्ये सिनेमा बघणं बंद केलं आहे. गाडीत बसण्याआधी मागून पाटीचा फोटो काढते, ड्रायव्हरच्या देखत काढते. ज्याच्या मनात काही नाही त्याला राग येत नाही. बसल्यावर मागचं दार एकदा उघडून बघते. चाइल्ड लॉक लावलं असेल तर ते आतून उघडत नाही. दार आतून उघडलं नाही तर आपण त्या गाडीत बसायचं नाही, कितीही उशीर झालेला असो. आणि बॅग मांडीवर. डिकीत कधीच नाही.

वारणाकाठचा | मंगळवार, रात्री ८.२०

हे फक्त मुलींच्या बाबतीत होतं असं कुणी समजू नये. माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे जायचं म्हणून एकटेच आले होते. स्टेशनपासून थोडं लांब एका गाडीवाल्यानं त्यांना घेतलं, "काका, देवळापर्यंत सोडतो, माझ्याही आईला तिथंच सोडायचंय" म्हणाला. गाडीत खरंच एक म्हातारी होती. तिनं पेढा दिला, प्रसाद म्हणून. देवीचा प्रसाद नाही कसा म्हणायचा? वडील शुद्धीवर आले तेव्हा रस्त्याकडेला होते. अंगठी, पाकीट आणि आजोबांचं जुनं घड्याळ गेलं होतं.

ते अजून म्हणतात, मीच मूर्ख. मी त्यांना सांगून थकलो की तुमचा स्वभाव चांगला आहे म्हणून त्यांचं फावलं.

ताईंच्या धाग्यात ती पदर घेतलेली बाई वाचली आणि अंगावर काटा आला. दोन्हीकडं युक्ती एकच. गाडीत आधीपासून कुणीतरी बसलेलं असलं की आपल्याला वाटतं, चला, आपण एकटे नाही.

वकीलबाई | मंगळवार, रात्री ९.१०

वारणाकाठचे म्हणतात ते फार महत्त्वाचं आहे. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री हेच झालं होतं. ती बस दिवसा शाळेची मुलं नेणारी खासगी बस होती, रस्त्यावरून प्रवासी घ्यायचा परवाना तिला नव्हता. आत बसलेले लोक प्रवासी असल्यासारखे बसले होते. त्याच संध्याकाळी आधी एका सुताराला त्याच बसमध्ये घेऊन त्यांनी लुटलं होतं. बस थांबते, कुणीतरी ठिकाणाचं नाव पुकारतं, आत माणसं दिसतात, आणि आपण चढतो. यात चढणाऱ्याची चूक शोधू नका.

पुण्यातल्या दोन घटना माझ्या पिढीच्या बायका विसरलेल्या नाहीत. २००७ मध्ये कॉल सेंटरला जाणारी मुलगी कंपनीनंच ठरवलेल्या गाडीत बसली होती. गाडी खरी, ड्रायव्हर खरा, पण त्यानं सोबत मित्राला बसवलं होतं. २००९ मध्ये खराडीला बसची वाट बघणाऱ्या एका अभियंता तरुणीला एका कॅबवाल्यानं लिफ्ट दिली. दोघीही परत आल्या नाहीत. म्हणून मी मुलींना सांगते की पिवळी पाटी, बॅच, अॅप हे सगळं बघाच, पण पुढच्या सीटवर दुसरा माणूस दिसला तर गाडी खरी असली तरी नको म्हणा.

आणि 'ताई' या हाकेबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला पहाटे फलटणला निघालेल्या मुलीला "ताई, बस इकडं लागत नाही, तिकडं लागलीय" असं सांगून उभ्या बसकडं नेल्याची फिर्याद आहे. आपल्या भागात कुणी ताई म्हटलं की आपण निम्मे निर्धास्त होतो. आपली बोली बोलणारा माणूस आपला वाटतो. ओळखीचं वाटणं आणि ओळख असणं यांत फरक आहे, आणि पहाटे तीनला तो फरक जिवावर येऊ शकतो.

राधानगरीकर | बुधवार, सकाळी ६.४५

माझी गाडी पांढऱ्या पाटीची आहे आणि मी भाडी मारतो. लपवत नाही. इथलं सगळं वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितो.

आमच्या वाडीला शेवटची एसटी संध्याकाळी साडेसहाला. त्यानंतर बाळंतीण असो, साप चावलेला असो, माझीच गाडी. रात्री दोनला उठून सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किती जणांना नेलंय, मोजलेलं नाही. पैसे नसले तर भाताच्या सुगीला देतात. परमिट काढायचं म्हणजे पाटी बदलायची, कर भरायचा, विमा वाढतो, दरवर्षी फिटनेस. गाडीचा हप्ताच कसाबसा भरतोय. सगळ्या पांढऱ्या पाट्या चोर नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

रंकाळाकाठ | बुधवार, दुपारी १.३०

राधानगरीकर दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझं माहेर भुदरगड तालुक्यातलं आहे. माझ्या आजीला शेवटच्या दुखण्यात अशाच एका जीपनं गारगोटीला आणलं होतं. तुमच्यासारख्यांना चोर म्हणायची माझी जीभ वळणार नाही.

पण तुमच्या वाडीत तुम्हाला सगळे ओळखतात. तुमच्या गाडीत बसणाऱ्याला तुमचं घर, तुमचे वडील, तुमचं शेत माहीत असतं. तीच तुमची पाटी आणि तोच तुमचा बॅच. तावडे हॉटेलला माझ्या मुलीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्या चांगुलपणावर लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेला विश्वास तो माणूस हायवेला उभा राहून वापरतो. म्हणून मला वाटतं, तुमच्यासारख्यांनीच परमिट काढायला हवं, आणि खेड्यात रात्री गाडी पुरवणाऱ्यांना ते स्वस्तात मिळावं म्हणून आपण सगळ्यांनी मिळून मागणी करायला हवी. वकीलबाईंनी विम्याचं लिहिलं आहे तेही मनावर घ्या. बाळंतिणीला नेताना अपघात झाला तर तुमचं घर बुडेल.

राधानगरीकर | बुधवार, रात्री ९.५५

विम्याचं मला खरंच माहीत नव्हतं. एजंटनं कधी सांगितलं नाही. चौकशी करतो.

अजून एक सांगायचं होतं. ड्रायव्हरलाही भीती असते. मागं एकदा दोघांना रात्री जोतिबाला जायचं होतं, वाटेत माझ्या मानेला चाकू लावला. दिवसाची कमाई गेली. तेव्हापासून मीही रात्री निघताना बायकोला प्रवाशाचा फोन नंबर पाठवतो. नोंद दोन्ही बाजूंनी असलेली बरी.

खिडकीसीट | गुरुवार, सकाळी १०.४०

मी काही वर्षं एका खासगी बसच्या बुकिंग ऑफिसात काम केलं आहे. या प्रकाराचं मूळ मला गाडीवाल्याच्या आधी, बसमध्येच दिसतं.

पुढं बेळगाव, हुबळीला जाणारी बस गावात शिरली की अर्धा-पाऊण तास जातो. ड्रायव्हरला वेळेचं बंधन, मालकाला डिझेलचं. म्हणून हायवेला उतरवतात. तिकिटावर मात्र "कोल्हापूर" एवढंच छापलेलं असतं. माणूस समजतो स्टँडला उतरणार. बुकिंग करतानाच उतरण्याचं ठिकाण विचारून घ्या, आणि तावडे हॉटेल असेल तर ज्या बसचा शेवटचा थांबा कोल्हापूरच आहे तीच घ्या. ती कावळा नाक्यापर्यंत तरी येते. दिवे असतात, माणसं असतात. एसटी मिळाली तर सगळ्यांत उत्तम, थेट सीबीएसच्या आत उतरता येतं, आणि उजाडेपर्यंत आतच बसता येतं.

दुसरं, बस लवकर पोचते तेव्हा धोका जास्त. उशिरा आली तर न्यायला आलेला माणूस थांबलेला असतो. लवकर आली तर कुणीच नसतं. ताईंच्या लेकीच्या बाबतीत तेच झालं. म्हणून घरच्यांनी वेळ विचारण्याऐवजी ठिकाण विचारावं. कराड सोडलं की एक फोन, पेठ नाक्याला एक फोन, आणि टोपच्या आसपास आली की न्यायला येणाऱ्यानं घरातून निघायचं. कितीही झोप मोडो.

रातपाळी_सिस्टर | गुरुवार, दुपारी २.१५

हे ठिकाणाचं फार उपयोगी आहे. त्यात भर घालते. ११२ लावायला संकोच करू नका. अजून काही घडलं नाही, मग कसा लावू, असं आपल्याला वाटतं. गाडी रस्ता सोडून निघाली हे पुरेसं घडलेलं आहे. साध्या बटणांच्या फोनवरही ५ किंवा ९ दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल जातो, सरकारनं २०१७ पासून नव्या फोनना तशी सोय सक्तीची केली आहे. आईवडिलांचा फोन तसा असेल तर त्यांना दाखवून ठेवा. महिलांसाठी १०९१ आणि १८१ आहेत, रेल्वेत असाल तर १३९.

जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या परवान्याच्या टॅक्सीत आणि बसमध्ये लाल आणीबाणीचं बटणही असायला हवं. रिक्षाला तो नियम नाही. बसल्यावर बटण कुठं आहे ते नजरेनं शोधून ठेवते मी.

जुनाजाणता | गुरुवार, रात्री ९.३०

सिस्टर, मी मंगळवारी जे लिहिलं ते मागं घेतो. घरी सुनेनं धागा वाचून दाखवला. ती बँकेत आहे, ऑडिटच्या वेळी तिलाही दहा-अकरा वाजतात. मला कधी बोलली नव्हती. कालपासून मी तिला कोपऱ्यापर्यंत आणायला जातो आहे.

रंकाळाकाठ | रविवार, सायंकाळी ७.००

सगळ्यांसाठी पुढची हकीकत.

वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे कलम १७३ चा उल्लेख करून लेखी तक्रार घेऊन गेलो. या वेळी गुन्हा नोंद झाला, प्रत हातात मिळाली. पेट्रोल पंपावर गेलो, तो मुलगा रात्रपाळीलाच होता. लेकीनं पुण्याहून त्याच्यासाठी शर्ट पाठवला आहे, तो दिला. त्यानं घ्यायला खूप आढेवेढे घेतले. म्हणाला, "माझी बहीण सांगलीला शिकते, कुणीतरी तिच्यासाठी बी उभं राहील." चित्रण मालकानं आधीच वेगळं काढून ठेवलं होतं. त्या पोरानंच त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून वाचलं. गाडीची पाटी त्यात दिसत नाही, रंग आणि मागची काच दिसते. पोलिसांनी तावडे हॉटेल परिसरातल्या दुकानांचंही चित्रण मागवलं आहे. बॅग मिळालेली नाही.

लेक या शुक्रवारी पुन्हा येणार आहे. आम्ही दोघं नको म्हणालो. ती म्हणाली, "आई, मी येणारच. नाही आलो तर पुढच्या महिन्यातपण भीती वाटंल." तिकीट एसटीचं काढलं आहे, पण यांना त्या दिवशी मिरजेला लग्नाला जायचं आहे आणि रात्री परत यायला जमेल असं वाटत नाही. मला गाडी चालवता येत नाही. तीनचाकी दादा, तुम्ही शुक्रवारी रात्री कुठं असता?

तीनचाकी_रात्रपाळी | रविवार, रात्री १०.२०

शुक्रवारी सीबीएसलाच हाय ताई. निरोपातनं माझा नंबर, बॅच नंबर आणि रिक्षाचा फोटो पाठवलाय, तो लेकीला आणि तुमच्या ह्यांना दोघांनाबी द्या. आधी बॅच ताडून बघा, मगच ठरवा, मला राग न्हाई.

बसनं कराड सोडलं की एक फोन, आणि पंचगंगेचा पूल ओलांडला की दुसरा. मी आत फलाटाजवळ येऊन उभा राहतो. तुम्हालाबी यायचं असंल तर घरातनं आधी तुम्हाला घेतो, येताना दोघी मागं बसा.